खोट्या भिंतींचं खाणगाव मॉडेल रेल्वेवर कसं उभं राहतं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं सिल्व्हर्टन हे चांदीच्या खाणींमुळे वसलेलं गाव. १८८२ मध्ये तिथे नॅरोगेज रेल्वे पोहोचली. अशी खाणगावं आज हौशी मंडळी घरातल्या मॉडेल रेल्वेवर उभारतात.

त्यासाठी १:८७ हे प्रमाण खूप वापरलं जातं. म्हणजे ९ मीटर रुंदीचं दुकान जेमतेम १० सेंटिमीटरचं होतं. पण ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हा ७२ किलोमीटरचा मार्ग याच प्रमाणात करायचा, तर ८०० मीटरहून जास्त जागा लागेल! म्हणून अंतरं आणि इमारती कमी करतात. गावाची ओळख मात्र जपतात.

ही ओळख म्हणजे दुकानांपुढची उंच, सपाट भिंत. मागे साधं उतरत्या छपराचं लाकडी घर, पुढून मात्र ऐटदार दुमजली इमारतीचा भास. खाण कधी आटेल याचा नेम नसायचा, त्यामुळे कमी खर्चात भपका!

अशा कितीतरी लाकडी इमारती आगीत किंवा बर्फाच्या भाराने गेल्या. मात्र १९३३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी सर्वेक्षणात अमेरिकेतल्या अनेक जुन्या इमारतींची मोजमापं आणि फोटो नोंदवले गेले. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर मोफत पाहता येतात.

नोंद असेल, तर पडलेली इमारतही टेबलावर पुन्हा उभी राहते. नसेल, तर उरतो फक्त अंदाज.