प्रयोगशाळेतून माजघरात

छत्रपती संभाजीनगर असो की अन्य गाव, खेळताना मुलाचा घोटा मुरगळला की आजीबाई तेल कोमट करून चोळावयास बसतात. माया खरी, परंतु आजचे क्रीडावैद्यक सांगते, की पहिले दोन-तीन दिवस चोळणे व शेकणे टाळावे. पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा व सोसेल तसतसा तो हळूहळू चालता करावा. चार पावलेही टाकवत नसतील अथवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरणांनी हाड तपासून घ्यावे.

हे ज्ञान माजघरात पोहोचवावयाचे कोणी? त्याचा कित्ता आपल्याकडेच आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांची यंत्रांच्या साहाय्याने परीक्षा आरंभिली, आणि त्याच वर्षी काढलेल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकात शास्त्रीय विभागाशेजारी सामान्य वाचकांसाठीही विभाग ठेविला.

संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही आहे. या विषयाच्या तरुण अभ्यासकांनी तो कित्ता गिरवावा. निबंध विद्वानांसाठी अवश्य लिहावेत. पण तेलाची वाटी घेऊन बसलेल्या आजीबाईंशीही दोन शब्द बोलावेत. दुखावलेला पाय प्रथम त्यांच्याच मांडीवर येतो.