खिडकीच्या आतले नवे डॉक्टर

सरकारी रुग्णालयात लॅबच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्यांना आतला डॉक्टर सहसा दिसत नाही. दिसतो तो बाटली घेणारा कर्मचारी, आणि चार-आठ दिवसांनी हाती पडतो कागद. त्यामुळे रिपोर्ट यंत्रातून बाहेर पडतो, अशी अनेकांची समजूत असते. रक्तातल्या साखरेपुरती ती बरीचशी खरी आहे, बायॉप्सीबाबत मुळीच नाही. बायॉप्सीचा रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरचे मत असते. स्वाक्षरी अनुभवी प्राध्यापकांची असते, पण त्या मताला जो आधार लागतो तो वैद्यकीय महाविद्यालयात बहुतेक वेळा एखाद्या नवख्या निवासी डॉक्टरच्या हातून तयार होतो.

दरवर्षी नीट-पीजीची प्रवेशफेरी झाली की विकृतिशास्त्र विभागात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पॅथॉलॉजीत, नवी तुकडी येते. एमबीबीएस आणि इंटर्नशिप झालेली ही मुले-मुली तीन वर्षांच्या एमडीसाठी येतात. काहींनी हा विषय आवडीने घेतलेला असतो, काहींना गुणांच्या क्रमवारीत तो मिळालेला असतो. कालपर्यंत वॉर्डात सलाईन लावणारे, प्रसूती करणारे हे डॉक्टर आता फॉर्मालिनच्या वासात उभे राहतात. समोर रुग्ण नसतो, बाटलीत त्याच्या शरीराचा एक तुकडा असतो. ‘मग आपण डॉक्टर राहिलो का?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येतो.

पहिल्या दिवशी सभागृहात स्वागत होते. विभागप्रमुख बोलतात, रजेचे नियम, प्रबंधाचे मार्गदर्शक, लॉगबुक कसे भरायचे हे सांगितले जाते. आवश्यक आहे, पण त्यातले आठवडाभरानंतर फारसे काही लक्षात राहत नाही. माझ्या मते खरी सुरुवात सूक्ष्मदर्शकापासूनही करू नये. ती नमुने स्वीकारण्याच्या टेबलापासून करावी. तपासणीतील चुकांचा मोठा वाटा प्रत्यक्ष तपासणीच्या आधीच, म्हणजे नमुना घेणे, नाव लिहिणे, बाटलीत भरणे आणि पोहोचवणे या टप्प्यांत असतो, हे जगभरच्या प्रयोगशाळांनी अनुभवले आहे. नाव ‘सुनीता पवार’ आणि बाटलीवर ‘सुनिता पाटील’ असेल तर काय करायचे? उत्तर सोपे आहे: नमुना पुढे जाऊ द्यायचा नाही, वॉर्डाला फोन करायचा. पण फोनवर पलीकडे तीन वर्षांनी मोठा सर्जन वैतागून बोलत असतो तेव्हा नवख्याला ते सोपे जात नाही. ते ठामपणे, न भांडता कसे करायचे, हे शिकवावे लागते.

मग फॉर्म वाचणे. आपल्याकडे बायॉप्सीच्या फॉर्मवर कित्येकदा ‘गाठ, तपासावी’ एवढेच लिहिलेले असते. हाडाच्या गाठीचे निदान एक्स-रे पाहिल्याशिवाय करू नये, हा या शास्त्रातला जुना दंडक आहे. काचपट्टीवर भीतिदायक दिसणाऱ्या पेशी साध्या मोडलेल्या, भरून येणाऱ्या हाडाच्याही असू शकतात. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा असेल तर शेवटची पाळी कधी आली, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे कळले नाही तर अर्थच बदलतो. म्हणून नव्या डॉक्टरने जिना चढून वॉर्डात जायचे, केसपेपर वाचायचा, रुग्णाशी बोलायचे. रुग्णापासून दूर आलो असे ज्यांना वाटत असते, त्यांचा गैरसमज इथे थोडा कमी होतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो ग्रॉसिंगला. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव डोळ्यांनी पाहणे, मोजणे, वजन करणे, कापणे आणि त्यातले नेमके तुकडे निवडून छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवणे म्हणजे ग्रॉसिंग. रात्रभरात यंत्रात त्या तुकड्यातले पाणी निघून मेण भरते, त्याचा ठोकळा होतो, आणि त्या ठोकळ्यावरून तंत्रज्ञ तीन-चार मायक्रॉन जाडीचे, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात. प्राध्यापक सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहतात ते एवढेच. जो भाग कॅसेटमध्ये गेलाच नाही, तो कुणालाही दिसत नाही.

याचे गांभीर्य एका उदाहरणाने पटेल. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आतड्याबरोबर आलेल्या चरबीतून लसिका ग्रंथी शोधाव्या लागतात. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. चरबीत तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी बोटांनी चाचपडून शोधणे हे कंटाळवाणे, पाठ मोडणारे काम. पाच मिळाल्यावर थांबले आणि कॅन्सर सहाव्या ग्रंथीत असला, तर रिपोर्टात आजार आहे त्यापेक्षा अलीकडच्या टप्प्यातला ठरतो, आणि ज्याला केमोथेरपीची गरज होती त्याला ती सांगितली जात नाही. संध्याकाळी सात वाजता, दमलेल्या हातांनी, ‘अजून दहा मिनिटे शोध’ असे स्वतःला सांगणे ही या शाखेतली रुग्णसेवा.

दुसरी गोष्ट वेळेची. फॉर्मालिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर इतक्या सावकाश शिरते. शनिवारी दुपारी काढलेले अखंड स्तन बाटलीत तसेच सोमवारपर्यंत ठेवले, तर बाहेरचा थर टिकतो आणि मधली गाठ सडू लागते. पुढे त्याच गाठीवर हार्मोन ग्रहकांची तपासणी व्हायची असते. खराब झालेल्या ऊतीत ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, आणि टॅमॉक्सिफेनसारख्या ज्या गोळ्यांनी त्या बाईला वर्षानुवर्षे संरक्षण मिळाले असते, त्या तिला सुरूच होत नाहीत. म्हणून नमुना आला की त्याच दिवशी कडांना शाई लावून काप द्यायचे आणि भरपूर फॉर्मालिनमध्ये, ऊतीच्या किमान दहा पट, बुडवायचे. सुट्टी असो वा नसो. याच्या उलटही एक प्रसंग असतो. मानेतली गाठ क्षयाची वाटत असेल तर तिचा एक भाग फॉर्मालिनमध्ये न घालता सलाईनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे जायला हवा, कारण फॉर्मालिन जंतू मारते आणि मग क्षयाचे जंतू वाढवून कोणते औषध लागू पडेल ते पाहता येत नाही. बाटली भरणाऱ्यालाच हे माहीत नसले तर गाठ पुन्हा काढायची का?

फॉर्मालिन काम करणाऱ्यासाठीही निरुपद्रवी नाही. फॉर्माल्डिहाइडची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. हवा ओढून घेणारे टेबल, हातमोजे, हेपॅटायटिस बीची लस या गोष्टी पहिल्याच आठवड्यात तपासायच्या असतात. ‘सवय होते’ हे उत्तर आता तरी बंद व्हावे.

रात्रपाळीची कहाणी वेगळी. मनुष्यबळ कमी असल्याने अनेक ठिकाणी नवा निवासी डॉक्टर लवकरच रात्रीच्या आपत्कालीन लॅबमध्ये उभा राहतो. पावसाळ्यात डेंग्यूचे दिवस असले की प्लेटलेटच्या नमुन्यांचा ढीग. यंत्र सांगते १८ हजार, आणि वॉर्डात धावपळ सुरू होते. पण रक्त काढताना वेळ लागून नळीत बारीक गुठळी झाली असेल, किंवा नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या असतील, तर यंत्र त्यांना मोजतच नाही. काचपट्टीवर थेंब पसरून पाहिले की घोळके दिसतात. मग दुसऱ्या, सायट्रेटच्या नळीत नमुना मागवायचा. अर्थात डेंग्यूत खरोखर कमी झालेल्या प्लेटलेटही रोजच्याच, म्हणून आकड्यावर शंका घ्यायची ती काचपट्टी पाहून, अंदाजाने नव्हे. आणि आकडा खरा निघाला तर कागद टेबलावर न ठेवता तत्काळ वॉर्डाला फोन करायचा.

खिडकीवरचा प्रश्न मात्र कोणत्याच पुस्तकात नसतो. आतली तरुण डॉक्टर दिसली की नातेवाईक हळूच विचारतात, ‘मॅडम, कॅन्सर तर नाही ना? आईला काही सांगितलेलं नाही.’ तिने सकाळी ती काचपट्टी पाहिलेली असते. तिला संशयही आलेला असतो. पण सरांनी अजून पाहिलेली नाही, आणखी तपासण्या बाकी आहेत. ‘नाही’ म्हणणे खोटे, ‘हो’ म्हणणे घाईचे. ‘काका, तपासणी चालू आहे, रिपोर्ट गुरुवारी मिळेल आणि तुमचे डॉक्टर बसून समजावून सांगतील,’ एवढे वाक्य, डोळ्यांना डोळे देऊन म्हणायला शिकवावे लागते. माझ्या मते ही ओळख सभागृहातल्या भाषणाइतकी तरी वेळापत्रकात असावी.

ब्रिटनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीचे प्रशिक्षण किमान पाच वर्षांचे असते, आणि नवखा डॉक्टर कोणते नमुने एकट्याने कापू शकतो हे टप्प्याटप्प्याने, वरिष्ठांनी पाहून ठरते. आपल्याकडे तीन वर्षे आणि नमुन्यांचा डोंगर. संख्या मोठी असल्याने आपली मुले अनेक दुर्मिळ आजार लवकर पाहतात, हा फायदा आहेच. पण पहिले काही आठवडे कोणीतरी शेजारी उभे राहणे, याला त्या डोंगरातून पर्याय मिळत नाही. बऱ्याच विभागांत ते काम एक वर्षाने मोठा निवासी करतो, आणि तो स्वतः आदल्या रात्री जागलेला असतो.

वाचकांनाही यात थोडा वाटा उचलता येतो. ऑपरेशननंतर बाटली आपल्याच हाती देऊन ‘लॅबमध्ये देऊन या’ असे सांगितले जाते, तेव्हा तिच्यावर नाव, वय आणि अवयवाचे नाव आहे ना, ते पाहावे. आत काय भरले आहे ते विचारावे. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये तुकडा नेऊ नये. जुने रिपोर्ट, एक्स-रे सोबत द्यावेत. आणि पुढे टाटा मेमोरिअलसारख्या दुसऱ्या रुग्णालयात जायचे असेल तर फक्त कागद पुरत नाही. तिथे काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पुन्हा तपासतात. ते मागून घ्या. खिडकीच्या आत कुणीतरी नवा डॉक्टर नंबर जुळवून, वहीत सही घेऊन ते तुमच्या हाती देईल. नंबर तुम्हीही एकदा वाचून पाहा.