नंबर न देता बोलायचं असेल तर युजरनेम घ्या, पण सेटिंगही बदला

अकरावीला प्रवेश झाला की मुलीच्या मोबाईलवर क्लासचा ग्रुप येतो, पाठोपाठ कॉलेजचा. मुंब्रा-कौसा, राबोडी किंवा कल्याणमध्ये घरबसल्या बिर्याणीच्या, केकच्या ऑर्डर घेणाऱ्या, मेहंदी काढणाऱ्या बाजींचा नंबर तर शेकडो अनोळखी लोकांकडे असतो. त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो आणि यूपीआयही त्यालाच जोडलेलं असतं.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या अॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई सायबर पोलिसांनी अटकाही केल्या. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: मुलीचा मोबाईल काढून घ्या, तिला ग्रुपमधून बाहेर काढा. आम्ही शिक्षक म्हणून सांगतो, यात नुकसान मुलीचंच होतं, नोट्स तिच्याच बुडतात. त्यापेक्षा नंबर लपवणं सोपं आहे.

व्हॉट्सअॅप सुरुवातीपासून नंबरवरच चालत आलं. टेलिग्राम आणि सिग्नलवर मात्र नंबरऐवजी युजरनेम देता येतं. खातं उघडायला नंबर लागतोच, पण समोरच्याला तो कळण्याची गरज नाही.

टेलिग्रामवर सेटिंग्जमध्ये जाऊन युजरनेम निवडायचं. ते इंग्रजी अक्षरांत, किमान पाच अक्षरांचं. अंक आणि अंडरस्कोर चालतात, उर्दू किंवा मराठी लिपी चालत नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि नंबर लपला असं समजतात. तो लपलेला नसतो! प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘फोन नंबर’ उघडा. नंबर कोणाला दिसावा, तिथे ‘नोबडी’ करा. मग खाली दुसरा प्रश्न येतो: नंबरवरून मला कोण शोधू शकेल? तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. कोणाला कॉन्टॅक्टमध्ये जोडताना ‘शेअर माय फोन नंबर’वर टिक असेल तर ती काढा, नाहीतर आपणच आपला नंबर देऊन बसतो.

सिग्नलने ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये आणली. आपल्या प्रोफाइलवर टॅप करून युजरनेम घ्यायचं, शेवटी निदान दोन अंक लागतात. इथेही प्रायव्हसीतल्या ‘फोन नंबर’मध्ये जाऊन दोन्ही ठिकाणी ‘नोबडी’ करा. सिग्नलवर युजरनेम प्रोफाइलमध्ये झळकत नाही, पूर्ण माहीत असल्याशिवाय कोणी शोधूही शकत नाही. शिवाय सगळे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. टेलिग्रामवर ते फक्त ‘सीक्रेट चॅट’मध्येच. म्हणून घरातल्या, खासगी बोलण्यासाठी आम्ही सिग्नल सुचवू. अभ्यासाचे चॅनेल टेलिग्रामवर आहेत, तिथे इलाज नाही.

आता नाव काय ठेवायचं? पूर्ण नाव, मोहल्ला आणि जन्मवर्ष एकत्र जोडलं तर नंबर लपवून उपयोग काय? मुली हेच करतात. आवडतं फूल, एखादा रंग, पुढे दोन-चार अंक, एवढं पुरे. धंद्यासाठी घेणाऱ्यांनी मात्र दुकानाचंच नाव घ्यावं आणि ते सारखं बदलू नये. टेलिग्रामवर सोडलेलं नाव दुसरा कोणी घेऊ शकतो आणि तुमच्या गिऱ्हाइकाकडून पैसे मागू शकतो.

ज्यांच्याकडे नंबर आधीच सेव्ह आहे त्यांना तो दिसतच राहील. आणि युजरनेम घेतलं म्हणजे आपल्याला कोणी ओळखणार नाही, असं पोरांनीही समजू नये. खात्यामागचा नंबर कंपनीकडे असतोच.

कोणी त्रास दिलाच तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचं युजरनेम दिसलं पाहिजे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांबाबतच्या अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न सांगताही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पोलीस ठाण्यात जायचं तर मुलीसोबत अम्मी किंवा अब्बूंनी जावं, आणि मोबाईल तिच्याच हातात असू द्यावा.