गाडी खालून वाजते? आधी आवाज ओळखा

सेलूहून वर्धा-नागपूरला कापडाच्या गाठींची ने-आण करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांची भिस्त बहुधा मारुती ओम्नीवर असते. तिचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, म्हणजे गाड्या आता जुन्या. खड्डा आला की खालून ‘खट्‌ खट्‌’ होते आणि शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा खर्च पुढे येतो. आम्ही म्हणतो, आधी आवाज केव्हा आणि कोठून येतो ते पाहा.

स्टेअरिंग वळवताना पुढून आवाज आला तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग किंवा बॉल जॉइंट तपासावा. ब्रेक लावताच एकदा ‘खट्‌’ झाले तर लोअर आर्मचे रबरी बुश पाहावेत. ओम्नीला मागे पाटे असतात; आवाज मागचा असेल तर पाट्यांचे बुश झिजलेले किंवा यू-बोल्ट सैल असू शकतात.

शॉकॲब्सॉर्बरची परीक्षा सोपी आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडा. ती डोलतच राहिली, किंवा तेल गळत असेल, तर तो बदलावा, तोही जोडीने.

जॅक लावून, खाली स्टँड देऊन मिस्त्रीकडून चाक वर-खाली हलवून घ्यावे. प्ले आढळला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर संशय घ्यावा. बुशाला दोन दिवस उशीर चालेल. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे होऊन गाडी ताब्याबाहेर जाते. तेथे माल थांबवावा, गाडी हलवू नये. काढलेला भाग मात्र हातात घेऊन पाहावा. व्यवहारात तेवढी चौकशी रास्तच आहे.