नोटबंदीचे दिवस आणि पेढीची पत

वीर निर्वाण संवत् २५४३ चे वहीपूजन ३० ऑक्टोबर २०१६ रोजी लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर झाले. लाभपंचमीला दुकाने नव्या उमेदीने उघडली. कोऱ्या वह्यांची पहिली पाने जेमतेम भरली असतील, तोच ८ नोव्हेंबरच्या मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, पाचशे व हजार रुपयांच्या प्रचलित नोटा त्या मध्यरात्रीपासून व्यवहारात ग्राह्य राहणार नाहीत. दुकान वाढवून घरी परतलेल्या कित्येक व्यापाऱ्यांनी त्या रात्री गल्ला पुन्हा मोजला.

मोठ्या नोटा रद्द होण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. जानेवारी १९४६ मध्ये आणि पुन्हा १६ जानेवारी १९७८ रोजी असे निर्णय झाले होते. परंतु १९७८ साली बाद झालेल्या हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येत. २०१६ मध्ये मात्र देशातील एकूण चलनाच्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. १० तारखेस त्या उघडल्या तेव्हा नोटा बदलून घेण्याची मर्यादा माणशी ४,००० रुपये होती. ती पुढे ४,५०० झाली, १८ नोव्हेंबरपासून २,००० वर आली आणि २४ तारखेनंतर बँकेच्या खिडकीवर नोटा बदलून देणेच थांबले. खात्यातून आठवड्याला प्रथम २०,००० व नंतर २४,००० रुपये काढता येत. व्यापाऱ्याच्या चालू खात्यास ही मर्यादा ५०,००० होती. दोन हजारांची नवी नोट आकाराने निराळी असल्याने एटीएम यंत्रांतील खण बदलावे लागले. पाचशेची नवी नोट उशिरा आणि थोडी थोडी पोहोचली. त्यामुळे दोन हजारांची नोट हाती असूनही पावशेर मिरच्या घेणे अवघड झाले, कारण तिची मोड देणारा बाजारात सापडेना.

अशा वेळी आपल्या पेढ्या कशावर तरल्या, याचा विचार करण्याजोगा आहे. ज्याचे नाव चार ठिकाणी घेतले जाते, त्याला घाऊक व्यापाऱ्याने माल नाकारला नाही. महिन्याची मुदत दोन महिन्यांची करून दिली. किरकोळ दुकानदाराने तीच सवलत ओळखीच्या गिऱ्हाइकाला दिली. पूर्वी दर्शनी व मुदती हुंड्यांवर दूरदूरचा व्यापार चाले; शाहजोग हुंडीचे पैसे तर पत असलेल्या शहालाच मिळत. त्या व्यवस्थेचे कागद आता जुन्या दप्तरांत पडून आहेत. तिच्यामागील व्यवहारबुद्धी मात्र त्या दोन महिन्यांत पुन्हा कामी आली. नोटांची टंचाई आली म्हणून पतीची टंचाई येत नाही, हे मोठ्या पेढ्यांनी अनुभवले.

ज्याची पत बाजाराने कधी मांडूनच ठेवली नव्हती, त्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या बाजारसमित्यांत नोंदणी झालेल्या माथाडी कामगारांची मजुरी १९६९ च्या कायद्यान्वये मंडळामार्फत दिली जाते. त्यांना निदान बँकेचे खाते होते. गावच्या आडतीवर पोती वाहणारा हमाल, मिरची निवडणाऱ्या बाया, हातगाडीवाला, पेढीवर झाडलोट करणारी बाई यांचा हिशेब रोजच्या रोज रोखीत होई. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती नोव्हेंबरात जुन्याच नोटा ठेवल्या गेल्या. काही मालकांनी तर दोन-तीन महिन्यांचा आगाऊ पगार जुन्या नोटांत देऊन आपण उदार झालो असे मानले. त्या नोटा घेऊन रांगेत उभे राहण्यात मजुराचा एक रोज बुडत असे. २४ नोव्हेंबरनंतर तर खाते नसलेल्या माणसाला जवळच्या बँकेच्या खिडकीवर स्वतःच्या नावे त्या बदलून घेण्याची सोयही उरली नाही. आपली अडचण आपण त्याच्या डोक्यावर दिली, असेच त्या औदार्याचे वर्णन करावे लागेल.

याहून गंभीर प्रकार जनधन खात्यांचा. नोकराच्या खात्यात मालकाचे ४०-५० हजार रुपये भरायचे व पुढे सवडीने काढून घ्यायचे, असा मार्ग काहींनी पत्करला. नोव्हेंबरच्या अखेरीस जनधन खात्यांतून महिन्याला १०,००० रुपयेच काढण्याचे बंधन आले. मालकाची रक्कम अडकली तशीच नोकराची स्वतःची शिल्लकही तिच्याबरोबर अडकली, आणि चौकशी झालीच तर उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्या नावावर. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनेमापे आणि नकली मालाची भेसळ यांच्या पंक्तीत तेथे विरुद्धराज्यातिक्रमही आहे, म्हणजे राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून व्यवहार करणे. प्रतिक्रमणात आपण या अतिचारांची आलोचना करतो. टक्केवारी देऊन-घेऊन नोटा बदलणाऱ्यांपैकी कितींना हा शब्द त्या वेळी आठवला असेल?

याच काळात दुसरी वाट धरणाऱ्या पेढ्याही होत्या, आणि त्यांची युक्ती साधी होती. त्यांनी हमालांना व नोकरांना ओळखीच्या वाण्याकडे नेले, ‘यांचा किराणा आमच्या नावे लिहा’ असे सांगितले आणि महिनाअखेरीस वाण्याला धनादेश दिला. वाण्याचीही सोय झाली, कारण त्याला पुढे घाऊक व्यापाऱ्याला धनादेशच द्यायचा होता. कोणी दवाखान्याचे, कोणी शाळेच्या शुल्काचे तसेच केले. हाती येणाऱ्या ५०,००० रुपयांतील शंभराच्या नोटा प्रथम मजुरांसाठी बाजूला काढायच्या व घरखर्च उधारीवर चालवायचा, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांच्याकडील माणसे कामावर टिकून राहिली. आपली पत दुसऱ्यास वापरू देण्यात पेढीची एक दमडीही जादा खर्च झाली नाही.

शेतमालाच्या बाजारात पेच अधिक कठीण होता. नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव काही दिवस थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा शेतकऱ्याला रोखीऐवजी धनादेश मिळू लागला. शेतकऱ्याचे खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, आणि त्या बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा स्वीकारण्यास बंदी. नव्या नोटाही तेथे फारच कमी येत. हाती धनादेश असून खताचे पैसे देता येत नाहीत, अशी त्याची कोंडी झाली. सांगली-कोल्हापूरकडे आपलेच अनेक जैन बांधव शेती करतात. तेव्हा ही कोंडी व्यापाऱ्याने दुरून पाहण्याजोगी नव्हती.

लग्नघरांविषयी थोडक्यात. चातुर्मास संपून मुहूर्त सुरू झाले होते. विवाहासाठी अडीच लाख रुपये काढण्याची मुभा मिळाली, परंतु पत्रिका जोडायची, शिवाय ज्यांना रोख द्यायची त्यांची बँकेत खाती नाहीत असे लिहून घ्यायचे! मांडववाला, आचारी, फुलवाला यांच्याकडून असे लेख गोळा करण्यापेक्षा पुष्कळांनी जेवणावळीच लहान केल्या. त्यात कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

३० डिसेंबरला बँकेत नोटा भरण्याची मुदत संपली. पुढे रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आले की, बाद झालेल्या सुमारे १५ लाख ४१ हजार कोटींपैकी १५ लाख ३१ हजार कोटी रुपये बँकांत परत आले, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक. १९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट मागे घेण्यात आली तेव्हा ती व्यवहारातून बाद केली नव्हती आणि परत करण्यास महिने दिले होते. बाजाराला ते फारसे जाणवले नाही.

या सर्व हिशेबात न आलेला एक पैसा होता, तो गृहिणींचा. घरखर्चातून वाचवलेले, भाऊबीजेला आलेले, माहेरहून मिळालेले पैसे धान्याच्या डब्यात वा साडीच्या घडीत ठेवण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. बहुतेक पतींना त्याची कल्पना नव्हती. नोव्हेंबरात हे डबे उघडले गेले. अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची विचारणा होणार नाही असे शासनाने सांगितले होते, तरी कित्येकींना स्वतःचे खाते नसल्याने ती रक्कम पतीच्या किंवा पेढीच्या खात्यात गेली. काही पेढ्यांनी ती वहीत गृहिणीच्या नावे जमा करून व्याजासह परत केली. अनेक घरांत ती ‘घरचीच’ म्हणून मालाच्या बिलांत फिरली. ती कोणाच्या नावे लिहिली गेली, हे त्या वर्षीच्या वह्या काढून पाहता येईल. डब्यात किती होते हे ज्यांचे होते त्यांना विचारावे, आकडा त्या रुपया-आण्यासह सांगतील.