वर्गात तीन कुलकर्णी!

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुलकर्णी किती? दोन? तीन? मग ते एकमेकांचे भाऊबंद असणार, असं वाटतं ना? बहुतेक वेळा नसतात!

कारण कुलकर्णी हे मुळात गावातलं एक पद. पाटील गावचा प्रमुख, तर कुलकर्णी हिशेबनीस. कोणाची जमीन किती, सारा किती भरला, बाकी किती, हे सगळं तो दप्तरात लिहून ठेवायचा. काम वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं. गावोगावी असे कुलकर्णी. म्हणून महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकातही हे आडनाव ढिगानं सापडतं. संत ज्ञानेश्वरांच्या घराण्याकडेही पैठणजवळच्या आपेगावचं कुलकर्णीपण होतं.

आता जरा विचार करा हं. गावात लिहिता-वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुलकर्ण्यानं बाकी दहाऐवजी वीस लिहिली, तर निरक्षर शेतकऱ्याला कळणार कसं? म्हणूनच महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावोगावच्या कुलकर्ण्यांवर सडकून टीका केली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यानं ती वतनं मोडण्याचा कायदा केला, तो १९५० साली.

दप्तर गेलं तलाठ्याकडे. आडनाव मात्र राहिलं, मग घरातलं कुणी डॉक्टर होवो नाहीतर ड्रायव्हर!

उद्या वर्गातल्या कुलकर्ण्यांना विचारा, ‘काय रे, तुमचं मूळ गाव कोणतं?’ तिघांची तीन उत्तरं येतात की नाही, बघा.