सामायिक संगणक प्रणालीवरील डिस्क-मर्यादा आणि दीर्घकाळ चालणारी कार्ये

बीजसंज्ञा : सामायिक संगणक, डिस्क कोटा, आयनोड, चेकपॉइंट

प्रस्तावना : संशोधनसंस्थांमधील मोठे संगणक अनेक वापरकर्ते एकाच वेळी वापरतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेला ‘परम ब्रह्म’ हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण होय. अशा प्रणालीवर प्रोसेसर व मेमरी यांचे वाटप स्लर्मसारखा शेड्युलर करतो. सामायिक डिस्कवरील कोटा मात्र फाईल-प्रणाली सांभाळते. या दोन यंत्रणांचा परस्परांशी सहसा संवाद नसतो. त्यामुळे आठवडाभरासाठी प्रोसेसर मिळालेले कार्य सहाव्या दिवशी केवळ लिहावयास जागा नाही म्हणून थांबू शकते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार केला आहे.

कोट्याचे स्वरूप : मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी तयार केलेली कोटा-व्यवस्था १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये समाविष्ट झाली. तिच्यातील दोन मर्यादा आजही प्रचलित आहेत. सौम्य मर्यादा ठरावीक मुदतीपर्यंत (लिनक्सवर सामान्यतः ७ दिवस) ओलांडता येते. कठोर मर्यादा क्षणभरही ओलांडता येत नाही. मुदत संपली की सौम्य मर्यादाच कठोर ठरते. म्हणजे कार्य सुरू करताना चालणारे लेखन ते संपण्यापूर्वीच नाकारले जाऊ शकते.

मर्यादा केवळ बाइट्सची नसते, फाईलींच्या संख्येचीही असते. प्रत्येक फाईलला एक आयनोड लागतो. शिवाय ४ किलोबाइटचा ब्लॉक असलेल्या फाईल-प्रणालीवर १०० बाइट्सची फाईलही सर्वसाधारणपणे पूर्ण ब्लॉक व्यापते. अशा १० लाख फाईलींतील माहिती १०० मेगाबाइट भरते, पण डिस्कवर सुमारे ४ गिगाबाइट जागा जाते. जनुकक्रम किंवा प्रतिमा हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांस हा अनुभव नवा नाही.

चेकपॉइंटचा प्रश्न : खरी हानी येथे होते. कार्य मध्येच थांबल्यास पुढे चालू करता यावे म्हणून त्याची स्थिती वेळोवेळी फाईलीत लिहिली जाते. जुन्याच फाईलीवर नवी स्थिती लिहिताना कोटा संपला, तर नवी अपुरी राहते व जुनीही नष्ट होते. म्हणून नवी स्थिती वेगळ्या नावाने लिहून, लेखन पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच तिचे नाव बदलावे. ही खात्री दिसते तितकी सोपी नाही. नेटवर्कवरील फाईल-प्रणालीत कोटा संपल्याची सूचना लेखनाच्या वेळी न मिळता फाईल बंद करतानाही मिळू शकते, आणि अनेक आज्ञावली त्या वेळचा प्रतिसाद तपासतच नाहीत.

या पद्धतीत दोन चेकपॉइंट काही काळ एकत्र नांदतात. कोटा १०० गिगाबाइट, चेकपॉइंट ४० गिगाबाइटचा आणि तोवरचे निष्कर्ष ३० गिगाबाइट असतील, तर एरवी ७० गिगाबाइट भरलेली दिसणारी जागा नव्या लेखनावेळी ११० गिगाबाइटची मागणी करते. निष्कर्ष २० गिगाबाइटच्या पुढे गेले की पुढचा प्रत्येक चेकपॉइंट अपयशी ठरणार, हे कार्य सुरू करण्यापूर्वीच कागदावर मांडता येते.

शेड्युलरकडील मागणी : एचटीकॉन्डरमध्ये कार्यासोबत आवश्यक डिस्कची मागणी नोंदविता येते. स्लर्ममधील तात्पुरत्या डिस्कचा पर्याय मात्र तेवढी स्थानिक डिस्क असलेला नोड निवडतो; ती जागा आपल्यासाठी राखून ठेवत नाही. सामायिक डिस्कवरील कोट्याशी या दोन्ही मागण्यांचा संबंध नाही. तो वापरकर्त्याने स्वतंत्रपणे तपासावा लागतो.